गंधकाचे निसटते मूलक

१९७८ ते १९८० या काळात एकाच रासायनिक अभिक्रियेच्या वेगाचे वेगवेगळे आकडे प्रसिद्ध झाले आणि त्यांत शंभरपटीहून अधिक अंतर पडले. अभिक्रिया दिसायला साधी होती. हवेतला हायड्रॉक्सिल मूलक कार्बन डायसल्फाइडच्या रेणूला भेटला तर काय होते आणि किती झपाट्याने होते, एवढाच प्रश्न होता. अमेरिकेत मायकेल कुरिलो यांच्या उपकरणात ही अभिक्रिया बऱ्यापैकी वेगाने होताना दिसली. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये वाइन, शाह आणि रविशंकरा यांनी तीच मोजली, तर ती जवळजवळ होतच नाही असे निघाले. इंग्लंडात हारवेलच्या प्रयोगशाळेत कॉक्स आणि शेपर्ड यांनी साध्या हवेत प्रयोग केला. त्यांचा आकडा कुरिलोंच्याही दुप्पट भरला.

हे सगळे हाताने आणि डोक्याने तयार झालेले लोक. त्यांच्या विद्येत वेगाच्या मापात दहा-वीस टक्क्यांचा फरक आला तरी झोप उडते, आणि इथे आकडे दोन दशांशस्थळे इकडचे तिकडे झाले होते. पुढे बऱ्याच वर्षांच्या कामानंतर जे उलगडले, ते मला विज्ञानाच्या इतिहासातल्या सुंदर उलगड्यांपैकी एक वाटते. अटलांटाचा आकडा बरोबर होता, हारवेलचाही बरोबर होता. अभिक्रियेच्या वेळी आजूबाजूला कोण होते, यावर सारे अवलंबून होते. ते 'कोण' म्हणजे ऑक्सिजन.

तो उलगडा समजून घ्यायचा तर आधी ही मापे घ्यायची वेळ का आली आणि ती घेण्याचे साधन कुठून आले, हे पाहायला हवे.

मूलक किंवा रॅडिकल म्हणजे जोडीविना राहिलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा अणू किंवा रेणू. तो इलेक्ट्रॉन त्याला स्वस्थ बसू देत नाही. हायड्रॉक्सिल म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन, आणि हवेत त्याचे आयुष्य सेकंदभराचे. १९७१ साली हायरम लेव्ही यांनी गणिताने दाखवले की सूर्यप्रकाश असलेल्या साध्या, स्वच्छ हवेतही हा मूलक सतत तयार होत असला पाहिजे. त्याआधी खालच्या थरातली हवा रासायनिकदृष्ट्या शांत समजली जात असे. लेव्हींच्या लेखानंतर चित्र पालटले. हवेत सोडलेला जवळपास प्रत्येक वायू किती दिवस टिकेल, हे हायड्रॉक्सिल त्याला किती वेगाने गाठतो यावर ठरते, हे मान्य होऊ लागले. म्हणजे प्रत्येक वायूसाठी एक आकडा हवा झाला. हा आकडा म्हणजे वेगस्थिरांक.

त्याच वर्षाच्या शेवटी जेम्स लव्हलॉक 'शॅकल्टन' या संशोधन जहाजावर चढले. जहाज ब्रिटनहून अंटार्क्टिकाकडे निघाले होते. लव्हलॉक यांच्याजवळ स्वतः बनवलेली उपकरणे होती. हवेतल्या क्लोरोफ्लुओरोकार्बनच्या मोजणीसाठी ही सफर प्रसिद्ध आहे, पण लव्हलॉक समुद्राच्या पाण्यात आणखी एका गोष्टीचा शोध घेत होते. जमिनीवरून नद्या दरवर्षी गंधक समुद्रात वाहून नेतात. मग ते जमिनीवर परत कसे येते? हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपाने येत असावे, असा तेव्हाचा समज होता. पण समुद्राच्या वरच्या पाण्यात भरपूर ऑक्सिजन असतो आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड फार काळ राहू शकत नाही. लव्हलॉक यांना पाण्यात सापडले ते डायमिथाइल सल्फाइड, म्हणजे एका गंधकाच्या दोन बाजूंना दोन मिथाइल गट. १९७२ मध्ये मॅग्ज आणि रासमुसेन यांच्यासह त्यांनी हा निष्कर्ष 'नेचर'मध्ये मांडला.

हा वायू समुद्री शैवालांतून निघतो हे रसायनशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होते. १९४८ मध्ये लीड्सचे फ्रेडरिक चॅलेंजर आणि सिम्प्सन यांनी एका लाल शैवालातून त्याचा पूर्वगामी पदार्थ वेगळा काढला होता. त्याचे प्रमाण पृथ्वीच्या गंधकाच्या हिशेबात मोजावे इतके आहे, ही गोष्ट मात्र नवी होती. पुढे आंद्रेआए आणि रेमडॉंक यांनी अनेक समुद्रांतल्या मोजण्या एकत्र करून १९८३ मध्ये जागतिक चित्र उभे केले. आजच्या हिशेबाने समुद्र दरवर्षी या वायूच्या रूपाने पावणेतीन कोटी टनांच्या आसपास गंधक हवेत सोडतात.

आता मोजण्याच्या साधनाविषयी. मूलकाचे आयुष्य सेकंदाच्या हजाराव्या किंवा लाखाव्या भागाचे असेल तर तो तयार करणे, पाहणे आणि संपताना मोजणे हे सगळे तेवढ्याच वेळात व्हायला हवे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात रडारवर काम केलेले जॉर्ज पोर्टर युद्धानंतर केंब्रिजमध्ये रोनाल्ड नॉरिश यांच्याकडे संशोधनाला आले. आधी ते पाऱ्याच्या दिव्याच्या अखंड प्रकाशात मूलक शोधत होते आणि हाती काही लागत नव्हते. नवा दिवा आणायला प्रेस्टनच्या सिमेन्स कारखान्यात गेले असता विमानातून रात्री छायाचित्रे घेण्यासाठी बनवलेले प्रखर फ्लॅश दिवे त्यांच्या पाहण्यात आले. रडारच्या कामामुळे स्पंदांत विचार करायची सवय त्यांना होतीच. एक जबरदस्त फ्लॅश मारून नळीतल्या वायूचे रेणू एकाच वेळी फोडायचे, आणि लगेच दुसऱ्या, लहान फ्लॅशने नळीत काय आहे त्याचा वर्णपट टिपायचा. दोन फ्लॅशमधले अंतर वाढवत नेले की मूलक कसा कमी होत जातो ते दिसते. १९४९ मध्ये ही पद्धत जाहीर झाली आणि १९६७ मध्ये नॉरिश व पोर्टर यांना मानफ्रेड आयगेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या पद्धतीने पकडलेल्या सुरुवातीच्या मूलकांत गंधकाचे मूलक होते, याचा उल्लेख क्वचित होतो. हायड्रोजन सल्फाइडवर फ्लॅश मारला की एक हायड्रोजन सुटतो आणि उरतो गंधक-हायड्रोजनचा मूलक. १९५२ मध्ये कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये डोनाल्ड रॅमझी यांनी त्याचा वर्णपट बारकाईने तपासला. कोणाच्या मनात तेव्हा वातावरण नव्हते. ज्वलन आणि वर्णपटशास्त्र हाच त्यामागचा ओढा होता. वीस-पंचवीस वर्षांनी हवेच्या अभ्यासकांना याच नळ्यांची गरज पडली, तेव्हा कसब तयार होते.

सत्तरीच्या दशकापर्यंत उपकरण बरेच पुढे गेले होते. फ्लॅश दिव्याच्या जागी हळूहळू स्पंद-लेझर आला. पाहण्यासाठी छायाचित्राच्या पट्टीऐवजी प्रतिदीप्ती वापरली जाऊ लागली. मूलकाला नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश दिला की तो क्षणभर उजळतो, आणि प्रकाश मोजणारी नळी तो उजेड टिपते. युक्ती अशी की मूलक अत्यंत थोडे निर्माण करायचे आणि दुसरा वायू त्यांच्या मानाने प्रचंड ठेवायचा. मग दुसऱ्या वायूचे प्रमाण प्रयोगभर बदलत नाही, मूलक ठरावीक गतीने घटत जातो आणि त्या घटण्यातून वेग थेट वाचता येतो. दुसऱ्या वायूचे प्रमाण बदलून प्रयोग पुन्हा करायचा, पुन्हा करायचा, आणि आलेखावर बिंदू सरळ रेषेत बसले की तिचा चढ म्हणजे वेगस्थिरांक. दुसरी एक पद्धत लांब नळीत वाहत्या वायूची होती. त्यात घड्याळाचे काम अंतर करते. नळीत वायू किती वेगाने वाहतो हे माहीत असले की अमुक सेंटीमीटर म्हणजे अमुक मिलिसेकंद.

ऐकायला सोपे, करायला कठीण. गंधकाच्या संयुगांत तर फारच कठीण. ती काचेला चिकटतात. त्यांत मिसळलेली भेसळ मूळ वायूपेक्षा चपळ असते. डायमिथाइल सल्फाइडच्या बाटलीत मिथाइल मरकॅप्टनचा अंश राहिला, तर हायड्रॉक्सिल त्याला सातपट वेगाने खातो आणि मोजणारा भलत्याच अभिक्रियेचा वेग लिहून बसतो. स्वयंपाकाच्या गॅसला वास यावा म्हणून त्यात घातले जाणारे इथाइल मरकॅप्टन याच कुळातले आहे. आणि मूलक निर्माण करायला लावलेला प्रकाश खुद्द गंधकाच्या संयुगालाही फोडू शकतो, मग नळीत नको ते मूलक तयार होतात. १९७८ मध्ये डायमिथाइल सल्फाइडसाठी दोन गटांनी दिलेले आकडे, आणि १९८१ मध्ये जॉर्जिया टेकमधून आलेला आकडा, यांत दुपटीचा फरक होता. १९८१ चा लहान आकडा पुढे टिकला.

त्या जॉर्जिया टेकच्या गटातले अक्किहेब्बाळू रविशंकरा हे म्हैसूर विद्यापीठात शिकून फ्लोरिडाला पीएच.डी.साठी गेलेले. अटलांटात आणि १९८४ नंतर कोलोरॅडोत बोल्डरच्या नोआ (अमेरिकेची सागर व वातावरण संस्था) प्रयोगशाळेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाला जी शिस्त लावली, तिच्यावर आजचे बरेचसे हवामान-प्रारूपांचे रसायन उभे आहे. पॉल वाइन अटलांटातच राहिले. पुढची दहा-पंधरा वर्षे गंधकाचे कोडे या दोन गावांत, शिवाय हारवेल, जर्मनीतले वुपर्टाल आणि पॅसाडीनाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी अशा मोजक्या ठिकाणी सुटत गेले.

कार्बन डायसल्फाइडच्या आकड्याकडे एवढे लक्ष लागण्याचे कारण १९७६ च्या एका छोट्या लेखात होते. पॉल क्रुत्झन यांनी त्यात म्हटले होते की ज्वालामुखी शांत असतानाही हवेच्या वरच्या थरात, म्हणजे स्थितांबरात, गंधकाम्लाच्या थेंबांचा जो विरळ थर असतो, त्याला गंधक पुरवणारा वायू कार्बोनिल सल्फाइड असावा. तो इतका निष्क्रिय आहे की खालच्या थरात न संपता वर पोहोचतो. आणि कार्बन डायसल्फाइड हायड्रॉक्सिलच्या तावडीत सापडले तर त्यातून कार्बोनिल सल्फाइडच तयार होते. अटलांटाचा आकडा खरा तर हा पुरवठा नगण्य. हारवेलचा खरा तर तो हिशेबात धरायलाच हवा.

१९८३ मध्ये हारवेलमधून जोन्स, कॉक्स आणि पेंकेट यांनी आणि वुपर्टालहून बार्न्स, बेकर व सहकाऱ्यांनी दाखवले की ऑक्सिजनचे प्रमाण वाढवत नेले तर अभिक्रियेचा वेग वाढत जातो. ऑक्सिजन काढून घेतला की तो कोसळतो. अटलांटाच्या नळीत तर ऑक्सिजन मुद्दाम ठेवलाच नव्हता, कारण शुद्ध मोजणीत इतर काही नको असते. १९८८ मध्ये हाइन्स, वाइन आणि निकोविच यांनी त्यामागची यंत्रणा नळीत प्रत्यक्ष पाहिली, आणि १९९० मध्ये बोल्डरला मरेल्स, लव्हजॉय आणि रविशंकरा यांनी तिचे आकडे पक्के केले. हायड्रॉक्सिल गंधकाला सैलसर चिकटतो. हे बंधन इतके दुबळे की खोलीच्या तापमानाला तो लगेच सुटतो आणि जसाच्या तसा परत हवेत येतो. पाहणाऱ्याला वाटते काही घडलेच नाही. लोकलच्या फलाटावर बाकावर टेकलेला माणूस क्षणात उठून गर्दीत मिसळावा, तसे. पण तो टेकलेला असतानाच ऑक्सिजनचा रेणू आला तर जोडी मोडते, नवे पदार्थ बनतात आणि हायड्रॉक्सिल पहिल्या रूपात परतत नाही. समुद्रसपाटीच्या हवेत दर पाच रेणूंतला एक ऑक्सिजन असल्यामुळे हा योग पुरेसा येतो.

यातून जे शिकावे लागले ते साधे नव्हते. तोवर अशा अभिक्रियांचा वेगस्थिरांक बहुधा दोन रेणूंमधला खासगी करार मानला जाई: तापमान दिले की आकडा ठरला. गंधकाच्या बाबतीत तिसरा कोण, किती आणि दाब किती हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ उरत नव्हता. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे सार इथे आहे. मूलकांचे गंधकाशी होणारे बंधन दुबळे असते, ते जुळते आणि सुटते, आणि वातावरणाचे मोठे प्रश्न त्या जुळण्या-सुटण्याच्या दरम्यानच्या काही मायक्रोसेकंदांत ठरतात.

डायमिथाइल सल्फाइडचेही तसेच निघाले, फक्त जास्त गुंतागुंतीने. १९८६ मध्ये हाइन्स, वाइन आणि सेम्स यांनी दाखवले की हायड्रॉक्सिल त्यावर दोन वाटांनी जातो. एक वाट मिथाइल गटातला हायड्रोजन ओढून घेण्याची. ती ऑक्सिजन असो वा नसो, चालूच असते. दुसरी वाट गंधकाला चिकटण्याची. तिथे पुन्हा तोच उलटा प्रवास, आणि ऑक्सिजन आला तरच पुढे. दोन वाटा वेगळ्या कशा काढल्या, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी मिथाइल गटांतल्या साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम असलेला वायू घेतला. ड्युटेरियम ओढून काढणे जास्त कष्टाचे, त्यामुळे पहिली वाट मंदावते. चिकटण्याला मात्र त्याचा फरक पडत नाही. दोन्ही वायूंच्या वेगांची तुलना केली की कोणत्या वाटेचा वाटा किती, हे उलगडत जाते. वाटांचे प्रमाण तापमानावर हलते: २५ अंश सेल्सिअसच्या हवेत ओढून घेण्याची वाट वरचढ, आणि साधारण १२ अंशांच्या खाली चिकटण्याची. म्हणजे कोकणापुढच्या उबदार अरबी समुद्रावरचे आणि अंटार्क्टिकाजवळच्या थंड समुद्रावरचे गंधकाचे रसायन एकच राहत नाही.

आणि नेमक्या त्याच वेळी हा प्रश्न साऱ्या जगाचा झाला. १९८७ मध्ये चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेआए आणि वॉरेन यांनी 'नेचर'मध्ये एक धाडसी कल्पना मांडली. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून निघालेले गंधक हवेत गंधकाम्लाचे बारीक कण बनवते. त्या कणांवर ढगांचे थेंब जमतात. ढग जास्त पांढरे झाले की सूर्यप्रकाश परतवतात, समुद्र थंडावतो आणि त्याचा परिणाम पुन्हा वनस्पतींवर होतो. चौघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला क्लॉ गृहीतक म्हणतात. कल्पना मोहक होती, पण तिच्या मधोमध रसायनाची एक लांबलचक साखळी होती आणि तिच्या निम्म्या कड्यांचे वेग कोणी मोजलेले नव्हते. वायूतले किती गंधक गंधकाम्ल होते, किती मिथेनसल्फॉनिक आम्ल होऊन आधीच असलेल्या कणांवर बसते, आणि किती पावसात धुऊन जाते, हे माहीत असल्याशिवाय ढगांविषयी बोलता येत नाही. १९९१ मध्ये टास्मानियाच्या केप ग्रिम केंद्रावरच्या मोजण्यांत ढगांची बीजे आणि मिथेनसल्फॉनिक आम्ल ऋतूबरोबर एकत्र वर-खाली होताना दिसले. त्यामुळे उत्साह वाढला. पण एकत्र हलणे वेगळे आणि त्यांच्यामधली साखळी मोजलेली असणे वेगळे.

साखळीतला सर्वांत छळवादी दुवा होता मिथाइलथायिल, म्हणजे एक मिथाइल गट आणि एक उघडा गंधक. हायड्रोजन ओढून घेण्याच्या वाटेने पुढे हाच मूलक निपजतो. त्याचा वर्णपट १९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिअर आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये टिपला होता. १९८४ मध्ये जपानच्या सुझुकी, इनौए आणि अकिमोटो यांनी त्याला लेझरने उजळवून पाहण्याची सोय केली. आता वेग मोजता येणार होता. हवेत तो कोणाशी आधी भिडेल? नायट्रोजन डायऑक्साइडशी तो विजेसारखा भिडतो, पण मोकळ्या समुद्रावर तो वायू फारच थोडा. ओझोनशीही चांगला भिडतो. आणि ऑक्सिजनशी? १९८९ मध्ये बोल्डरला जेफ्री टिंडल आणि रविशंकरा यांनी ऑक्सिजन भरपूर घालून पाहिला. मूलक ढिम्म. त्यांना फक्त एवढेच म्हणता आले की हा वेग अमुक मर्यादेपेक्षा कमी आहे. ती मर्यादा ओझोनच्या वेगाच्या वीस लाखाव्या भागाइतकी होती.

वीस लाखपट मंद म्हटल्यावर ऑक्सिजनला बाद करावे असे कुणालाही वाटेल. पण समुद्रावरच्या हवेत ऑक्सिजन ओझोनच्या सुमारे सत्तर लाखपट असतो. त्यामुळे एवढी बारीक मर्यादा गाठूनही प्रश्न सुटत नव्हता. ऑक्सिजन त्या मर्यादेच्या काठावर असता तर मिथाइलथायिलचा बहुतांश त्याच्याच वाटेने गेला असता. याच काळात पॅसाडीनाला स्टॅखनिक आणि मारिओ मोलिना यांनी गंधक-हायड्रोजनच्या मूलकासाठी याहूनही खोल मर्यादा गाठली आणि तिथे ऑक्सिजनची बाजू पुष्कळशी निकाली निघाली. या न-घडणाऱ्या अभिक्रियांच्या मोजण्या मला थोर वाटतात. महिनोन्महिने खपून शेवटी 'इतक्यापेक्षा कमी' एवढे लिहायचे, आणि ते लिहिण्यासाठी भेसळ, काचेचे चिकटणे, लेझरचा उपद्रव हे सगळे पुन्हा पुन्हा नाकारायचे.

१९९२ मध्ये टर्निप्सीड, बॅरोन आणि रविशंकरा यांनी नळी थंड केली, शून्याच्या खाली १५ ते ५७ अंशांपर्यंत. आणि ऑक्सिजन दिसला. मिथाइलथायिल त्याला जुळत होता आणि सुटत होता. बंधन अगदी दुबळे, पण खरे. खोलीच्या तापमानाला सुटणे इतके जलद की आधीच्या प्रयोगांत जुळणे दिसलेच नव्हते. याचा अर्थ असा झाला की समुद्रावरच्या हवेत मिथाइलथायिल म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, त्याचा बराचसा भाग कोणत्याही क्षणी ऑक्सिजनला जुळलेल्या रूपात असतो, आणि हवा जितकी थंड तितका हा भाग मोठा. मग पुढच्या अभिक्रिया त्या जुळलेल्या रूपाच्याही मोजायला हव्यात. साखळी लहान होण्याऐवजी फांद्या फुटून वाढली.

याच्या अगदी उलट स्वभावाचा एक गंधक-मूलक आहे, आणि त्याची कथा लवकर संपते. सल्फर डायऑक्साइडवर हायड्रॉक्सिल बसला की एक मूलक बनतो. त्याचे पुढे काय होते, हे आम्लपर्जन्याच्या आणि ज्वालामुखींच्या अभ्यासाला हवे होते. १९८२ मध्ये मेक्सिकोचा एल चिचोन उसळला आणि त्याने लाखो टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात फेकले, तेव्हा शंका अशी होती की प्रत्येक रेणू एकेक हायड्रॉक्सिल कायमचा गिळत गेला तर तिथला हायड्रॉक्सिलच संपेल आणि गंधकाम्ल बनणे मंदावेल. १९८३ मध्ये स्टॉकवेल आणि कॅल्व्हर्ट यांच्या प्रयोगांत हायड्रॉक्सिल संपत नसल्याचे दिसले. पुढच्या वर्षी मार्जिटन यांनी त्याला दुजोरा दिला. १९८७ मध्ये बोल्डरला ग्लीसन, सिन्हा आणि हॉवर्ड यांनी वेग मोजला: हा मूलक ऑक्सिजनला अर्ध्या मायक्रोसेकंदात गाठतो, सल्फर ट्रायऑक्साइड बनतो आणि ज्यातून हायड्रॉक्सिल परत मिळू शकेल असा दुसरा मूलक मागे ठेवतो. एक मूलक ऑक्सिजनला अर्ध्या मायक्रोसेकंदात भिडतो, दुसरा कोट्यवधी वेळा स्पर्श होऊनही धड भिडत नाही. दोन्ही गंधकाचेच.

नव्वदीनंतर उत्साह ओसरला. २०११ मध्ये क्विन आणि बेट्स यांनी क्लॉ गृहीतकाविरुद्धचे पुरावे एकत्र मांडले. समुद्रावरच्या ढगांना बीजे पुरवणारे इतर स्रोत, विशेषतः समुद्री मिठाचे कण, कमी लेखले गेले होते. थर्मोस्टॅटसारखी ती सुंदर कल्पना मूळ रूपात उभी राहिली नाही. माझ्या मते त्यामुळे वेगमापनाचे मोल घटले नाही. कल्पना खोटी ठरवायलाही आकडेच लागले.

मग २०१५ मध्ये वू आणि सहकाऱ्यांनी संगणकावर एक नवी वाट दाखवली. डायमिथाइल सल्फाइडचा हायड्रोजन गेल्यावर जो मूलक ऑक्सिजन घेऊन पेरॉक्सी रूप धारण करतो, तो दुसऱ्या कोणाची वाट न पाहता आतल्या आत हायड्रोजन एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हलवू शकतो. सेकंदाला सुमारे दोन वेळा, असा त्यांचा हिशेब होता. २०१९ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगला टोर्स्टेन बर्न्ट यांच्या गटाने ही वाट प्रत्यक्षात मोजली. ती होती, पण वेग गणिताच्या जवळपास दशांश भरला. पुढच्या प्रयोगांचे आकडे सेकंदाला ०.१ च्या आसपास आले. २०२० मध्ये पॅट्रिक व्हेरेस आणि सहकाऱ्यांनी नासाच्या डीसी-८ विमानातून महासागरांवर घेतलेल्या मोजण्यांत या वाटेचा शेवटचा पदार्थ प्रचंड प्रमाणात सापडल्याचे जाहीर केले. ज्या हवेचा पन्नास वर्षे अभ्यास झाला होता, तिच्यात हा पदार्थ तोवर कोणाच्या यादीत नव्हता. दुसऱ्याच वर्षी असे दिसले की तो ढगात शिरला की झपाट्याने नाहीसा होतो. म्हणजे जे गंधक नवे कण बनवेल असे वाटत होते, त्यातले बरेचसे आधीच असलेल्या थेंबांत विरते.

आता या रसायनाच्या मुळाशी असलेला वायू कुठल्या समुद्रातून, कुठल्या महिन्यात किती निघतो, याचा जागतिक नकाशा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतून २०२२ मध्ये सुधारून आला. त्यात वर्षाचा एकूण प्रवाह आधीच्या नकाशापेक्षा किंचित कमी भरला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जुवारीच्या खाडीपासून हिंदी महासागरापर्यंत घेतलेल्या मोजण्याही या चित्राचा भाग आहेत. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, त्यामुळे मोकळ्या समुद्रावरच्या हवेत जहाजांचे गंधक कमी झाले आणि शैवालांच्या गंधकाचा वाटा वाढला. पेरॉक्सी मूलकाचे आतल्या आत वळणे तापमानाबरोबर नेमके किती बदलते, हे मोजण्याचे काम प्रयोगशाळांत सुरू आहे. थंड समुद्रावर ते किती मंदावते यावर दक्षिण महासागरावरच्या ढगांचा हिशेब अवलंबून आहे.